फरक स्पष्ट करा (१० गुण)

‘फ्लायव्हील आणि गव्हर्नर यांतील फरक स्पष्ट करा.’

मेकॅनिकलच्या कोणत्याही मुलाला रात्री तीन वाजता उठवून हा प्रश्न विचारा, तो पांघरुणातूनच उत्तर देईल. फ्लायव्हील एका सायकलमधले वेगाचे चढउतार कमी करतं, तर गव्हर्नर लोड बदलला की इंधन कमी-जास्त करून सरासरी वेग राखतो. टीओएमच्या ओरलला हा प्रश्न येतो म्हणजे येतोच. मलाही आला. मी उत्तर दिलं, वर न विचारता टर्निंग मोमेंट डायग्राम काढून दाखवला. एक्स्टर्नल खूश झाले आणि मला पंचवीसपैकी तेवीस मिळाले. त्या रात्री मेसमधली वांग्याची भाजीसुद्धा गोड लागली, यावरून काय ते समजा!

तर मंडळी, या पंचवीसपैकी तेवीसवाल्यानं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खरंखुरं फ्लायव्हील आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. त्याची ही गोष्ट.

आमचं गाव कागल तालुक्यात. घरची शेती थोडी, आणि आण्णांची एक सहाचाकी ट्रक. वर्षभर विटा, वाळू, खत असं मिळेल ते भाडं मारायचं, आणि हंगाम सुरू झाला की कारखान्याला ऊस ओढायचा. आमच्या घराचं सगळं बजेट या हंगामावर. वाहतूकदारानं कारखान्याकडून उचल घ्यायची, त्यातून बीडकडच्या तोडणी टोळीला ॲडव्हान्स द्यायचा, आणि मग चार-पाच महिने रात्रंदिवस गाडी पळवून ते पैसे फेडायचे. माझी हॉस्टेलची फीसुद्धा याच उचलीतून भरलेली. म्हणजे हंगामात गाडी दारात उभी राहिली तर नुसतं भाडं बुडत नाही. टोळी बसून राहते आणि उचल डोक्यावर राहते.

सुट्टीला घरी पोचलो त्या संध्याकाळी गाडी दारातच होती. आण्णांनी सेल्फ मारला तर नुसताच ‘खर्रर्र’ आवाज. मग क्लीनर पोरानं गिअर टाकून गाडी हातभर ढकलली, पुन्हा सेल्फ मारला, आणि इंजिन एका फटक्यात सुरू झालं.

“हे कवापासनं?” मी विचारलं.

“गणपतीपासनं. आनि क्लच बी घसराय लागलाय. रिकामी हाय तवर चालतिया, लोड घेतला की इंजिन वराडतंय आनि गाडी जागंवर.”

क्लचचं नाव निघालं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याचं कारण आधीच सांगून टाकतो, कारण ते लपवलं तर पुढचं सगळं लिहिणं खोटं होईल.

मे महिन्यात मी मोठ्या गाडीचं शिकाऊ लायसन्स काढलं होतं. मामा शेजारी बसायचे आणि मी चालवायचो. एका रविवारी विटांचा लोड घेऊन पन्हाळ्याच्या चढाला लागलो. पुढं पर्यटकांच्या गाड्यांची रांग. हँडब्रेक लावून थांबायचं आणि मग गाडी उचलायची, एवढं साधं काम. पण मागं गेली तर, या भीतीनं मी अर्धा क्लच दाबून, ॲक्सिलरेटर देऊन गाडी चढावर नुसती तोलून धरली. एकदा नाही, अर्धा तास तेच. मामांना डुलकी लागलेली. वरच्या वळणावर जळक्या पुठ्ठ्यासारखा वास आला तेव्हा मला कळलं की क्लचप्लेट भाजतेय. मामा जागे झाले, गाडी घेतली, आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की आण्णांना सांगायचं नाही. जूनमध्ये मी हॉस्टेलला आलो आणि विसरूनही गेलो.

तालुक्याच्या गॅरेजमध्ये हंगामाआधी गाड्यांची ही गर्दी. आमचा नंबर दिवाळीनंतर आठ दिवसांनी येणार होता, आणि टोळी त्याआधीच उतरणार होती. म्हणून आण्णांनी ठरवलं की गाडी दारातच उतरवायची. मदतीला गल्लीतले चाचा. चाचा म्हणजे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री. आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण हात अजून शाबूत.

“चला इंजिनेर,” चाचा म्हणाले, “आता पुस्तक मिटा आनि पाना धरा.”

गिअरबॉक्स उतरवणं हे वाचायला दोन शब्द आहेत. प्रत्यक्षात गाडीखाली उताणं पडून, डोळ्यांत माती घेत, अख्खा दिवस जातो. आण्णांचे नियम पक्के. आधी बॅटरीची वायर काढायची. चारी बाजूंनी चाकांना दगड लावायचे. जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. जॅकनं उचलायचं आणि लाकडी ओंडक्यांवर ठेवायचं. बोल्ट ज्या भोकातून निघाला, त्याच क्रमानं ताटात मांडायचा (आईचं परातीएवढं ताट त्या दिवसापासून आमचं झालं). प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीनं खूण केली, म्हणजे बसवताना त्याच जागी बसेल. मग गिअरचा दांडा, क्लचचं लिंकेज, सेल्फ आणि शेवटी हौसिंगचे बोल्ट. दोन लांबलचक स्टड गाईड म्हणून लावले. केबिनमधलं फ्लोअरचं झाकण काढून वरून चेनपुलीनं गिअरबॉक्स तोलून धरला आणि एकेक बोट मागं सरकवत, शंभरेक किलोचं ते धूड पोत्यांवर उतरवलं. चाचांनी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली, ‘खाली हात घालू नकोस.’ आमच्या वर्कशॉप लॅबमध्ये सेफ्टीचा चार्ट भिंतीवर आहे. तो मी कधी वाचला नव्हता. तिथं मात्र चाचांचा प्रत्येक शब्द पाळला.

प्रेशर प्लेट निघाली, क्लचप्लेट निघाली. प्लेटचं अस्तर झिजून रिव्हेटांपर्यंत गेलेलं. आणि मागं ते दिसलं, फ्लायव्हील!

आपल्याला वाटतं हे एक जड चाक. पण ते एकाच वेळी तीन कामं करतं. पहिलं पुस्तकातलं, म्हणजे पॉवर स्ट्रोकची ऊर्जा साठवून बाकीच्या स्ट्रोकना पुरवणं. दुसरं, त्याचा मागचा गुळगुळीत चेहरा हाच क्लचचा अर्धा भाग. क्लचप्लेट त्यावरच चिकटते आणि घसरते. तिसरं, त्याच्या कडेवर बसवलेली दात्यांची रिंग, जिच्यात सेल्फचा छोटा पिनियन अडकून इंजिन फिरवतो. (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांत याच जागी पातळ फ्लेक्सप्लेट असते, तिथं जडपणाचं काम टॉर्क कन्व्हर्टर करतो.) आमच्या चाकाची तिसरी आणि दुसरी, दोन्ही कामं बिघडली होती.

आधी रिंग पाहिली. दाते सगळीकडे झिजलेले नव्हते. काही ठिकाणी अगदी खाऊन गेलेले, मध्ये मात्र चांगले. मी खडूनं खुणा करत दाते मोजले. एकूण १२९. खराब जागा तीन, आणि एकीपासून दुसरी बरोबर ४३ दात्यांवर!

“चाचा, हे तीनच ठिकाणी का?”

“नशीब,” चाचा म्हणाले. “सगळ्या गाड्यांचं असंच असतंय.”

पण माझ्या डोक्यात एकदम लाईट लागली. सहा सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं इंजिन. दोन फेऱ्यांत सहा कॉम्प्रेशन, म्हणजे दर १२० अंशांना एक. इंजिन बंद करताना ते कुठल्यातरी सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला अडून थांबतं. म्हणजे थांबायच्या जागा फेरीत तीनच! दर वेळी सेल्फचा पिनियन त्याच तीन जागी आपटणार, आणि तेच दाते खाणार. गाडी ढकलली की सेल्फ का लागतो, तेही सुटलं. ढकलल्यावर चांगले दाते समोर येत होते. चार सिलिंडरचं इंजिन असतं तर अशा जागा दोनच दिसल्या असत्या.

हे मी हातवारे करून सांगितलं. चाचांनी चष्मा पुसला. “आमी रिंग तापवून जराशी फिरवून बसवायचो, मग परत चार वर्षं चालायची. पर किती फिरवायची ते अंदाजानं.”

“साठ अंश, चाचा. दोन खराब जागांच्या बरोबर मधोमध.”

“बघा आण्णा, फी वसूल झाली!” चाचा हसले. आण्णाही हसले. मला टीओएमच्या तेवीस मार्कांपेक्षा जास्त बरं वाटलं. आणि इथंच माझा घात झाला.

कारण आता चाकाचा चेहरा बघायचा होता. संध्याकाळ झालेली, बल्ब लावला. तो चेहरा आरशासारखा असायला हवा. त्यावर निळे-काळे डाग होते, तव्यावर तेल जळल्यासारखे, आणि डागांच्या आसपास केसांसारख्या बारीक रेषांचं जाळं. पन्हाळ्याचा चढ तिथं उमटला होता.

चाचा म्हणाले, “दिव्याच्या उजेडात मला दिसत न्हाई. सकाळी बघू.” आणि घरी गेले.

आण्णा चाकाकडं बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, “हे एवढा हंगाम काढंल काय रं? लेथला लावून चेहरा साफ करून घिऊ. नव्याला बारा हजाराच्या आसपास लागत्यात, वर क्लच हायच. तू शिकलास न्हवं हे?”

मी वही काढली. चाकाचा व्यास साधारण ४०० मिलिमीटर. इंजिनचा जास्तीत जास्त वेग धरला मिनिटाला २५०० फेरे. कडेचा वेग निघाला सेकंदाला सुमारे ५२ मीटर. रिममधला ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. बिडाची घनता ७२००. उत्तर आलं चौरस मिलिमीटरला सुमारे २० न्यूटन. बीड ताणात तुटायला सुमारे २०० लागतात. फॅक्टर ऑफ सेफ्टी १०!

“चालतंय आण्णा,” मी म्हणालो. “दहापट सेफ हाय.”

आण्णांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते आत जाऊन आईला म्हणाले, “पोरगा म्हणतोय चालतंय.” त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी लवकर झोपले असं आई म्हणाली.

मी मात्र जागा होतो. मित्रांनो, खरं सांगतो, गणितात चूक नव्हती. आजही ते कुणाही सरांना दाखवा, पूर्ण मार्क मिळतील. पण मी ते गणित कशासाठी केलं? मला उत्तर आधीच हवं होतं. चाक चांगलं निघालं तर मे महिन्यातली गोष्ट कुणाला सांगावी लागणार नव्हती. उत्तर आधी ठरलं आणि गणित मागाहून आलं. आपण लॅबमध्ये रीडिंग ‘मॅनेज’ करतो ना, तसंच. फक्त इथं जर्नलवर सही करणारे सर नव्हते. सही आण्णांनी केली होती, झोपून.

सकाळी चाचा आले. फ्लायव्हीलचे बोल्ट काढताना दोन समोरासमोरचे तसेच अर्धे ठेवले, कारण सगळे एकदम काढले तर तीस किलोचं चाक सरळ छातीवर येतं. चाक खाली घेतलं. चाचांनी त्याच्या भोकातून दोर ओवला आणि ते चिंचेच्या फांदीला अधांतरी टांगलं. मग छोटी हातोडी घेतली आणि कडेला हलकेच टकटक करत गोल फिरू लागले.

टण्ण. टण्ण. टण्ण. देवळातल्या घंटेइतका नाही, पण स्वच्छ आवाज. मग एका ठिकाणी—

भद्द.

चाचा थांबले. परत मारलं. भद्द. फुटक्या मडक्यासारखं.

“वहिनी, रॉकेल असलं तर द्या वाटीभर. आनि पोरा, खडू आन.”

त्यांनी त्या भागावर रॉकेल लावलं, पाच-दहा मिनिटं थांबले, कोरड्या फडक्यानं चेहरा स्वच्छ पुसला, आणि खडूची बारीक पूड हातानं भुरभुरली. आम्ही तिघं बघत बसलो. पांढऱ्या खडूवर हळूहळू एक ओली रेघ उमटू लागली. निळ्या डागापासून निघाली, आत सरकली, आणि बोल्टच्या भोकापाशी जाऊन थांबली.

हे काय चाललंय ते मला रेघ अर्धी झाल्यावर ओळखू आलं. लिक्विड पेनिट्रंट टेस्ट! मटेरियलच्या पेपरात सहा मार्कांना येते. चिरेत द्रव शिरतो, वरचा पुसला तरी आतला राहतो, डेव्हलपर तो बाहेर ओढतो. आकृतीसकट मला पाठ होतं. आदल्या रात्री एकदाही आठवलं नाही.

“बारीक जाळं असतं तर लेथवर गेलं असतं,” चाचा म्हणाले. “ही चीर आत गेलीया. हे चाक आता चाक न्हाई.”

“चाललं असतं तर किती चाललं असतं?” आण्णांनी विचारलं.

“एक खेप. न्हाईतर अख्खा हंगाम. मला काय म्हाईत? फुटलं की हौसिंग फाडून वर येतंय.” चाचांनी गाडीच्या केबिनकडं बोट केलं. “वर कुनाचं पाय असत्यात?”

कुणी काही बोललं नाही. आण्णा आपल्या पायातल्या चपलांकडं बघत होते. आणि माझ्या वहीतला दहाचा फॅक्टर मला आठवत होता. तो सूत्रातल्या चाकाचा होता. सूत्रातल्या चाकाला चीर नसते. त्याला कुणी पन्हाळ्याच्या चढावर अर्धा तास भाजलेलं नसतं.

जुनं चाक पोत्यात घालून आम्ही एस.टी.नं कोल्हापूरला उद्यमनगरला निघालो. निघताना आई म्हणाली, “आज शनिवार हाय, लोखंड घरात आणू नये.” आण्णा म्हणाले, “घरात न्हाई, गाडीत आणतोय.” कंडक्टरनं पोत्याचं वेगळं तिकीट फाडलं.

बसमध्ये चाक आमच्या दोघांच्या पायांत होतं. कागलच्या पुढं हायवेला लागल्यावर मी तोंड उघडलं.

“आण्णा, मे महिन्यात पन्हाळ्याला... क्लच माझ्याच हातनं जळला.”

आण्णा खिडकीबाहेर बघत होते. “म्हाईत हाय. त्या सांजंला गाडी दारात लागली तवाच वास आला.”

“मग बोलला न्हाईसा?”

“काय बोलायचं? क्लच कुनाच्या बी हातनं जळतोय. माझ्या हातनं दोन जळल्यात, तुज्या आज्ज्यानं शिव्या घातलेल्या.” थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, “पर काल राती ‘चालतंय’ म्हणालास, ते मी धरून बसलो हुतो. तसाच हंगामाला गेलो असतो.”

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

उद्यमनगरमध्ये गेलात कधी? जरूर जा, इंडस्ट्रियल व्हिजिटच्या पत्राशिवाय जा. एका गल्लीत लेथ, पुढच्या गल्लीत शेपर, पलीकडं क्रँक ग्राइंडिंग. ज्या मशीनची नावं आपण मॅन्युअलमधून उतरवून काढतो, ती तिथं दुकानांसारखी रांगेनं उघडी. आम्हाला चाक मिळालं, पण रिंगशिवायचं. रिंग वेगळी घेतली. जुनी फिरवून बसवता आली असती, पण चाक नवं आणि दाते खाल्लेले, हे आण्णांना पटेना. एका लेथवाल्या मामांनी त्यांच्याकडचा डायल गेज आणि टॉर्क पाना दोन दिवसांसाठी दिला. डिपॉझिट म्हणून काय ठेवलं ठाऊक आहे? माझं कॉलेजचं आयकार्ड! चार वर्षांत त्या आयकार्डाचा एवढा उपयोग प्रथमच झाला.

रिंग चाकावर बसते ती तापवून. रिंगचं आतलं भोक चाकाच्या कडेपेक्षा किंचित लहान. तापवली की फुगते, चाकावर टाकायची, थंड झाली की आवळून बसते. बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. चाचा म्हणाले, गॅसच्या बर्नरनं तापवू, रंग बघून अंदाज येतो. पण रंग दिसायला डोळे हवेत, आणि ते म्हणतात तसं त्यांचे आता नाहीत. जास्त तापली तर दात्यांचा कडकपणा उतरतो. कमी तापली तर अर्ध्यात अडकते.

मी या वेळी वही उघडण्याआधी रिंगकडं नीट बघितलं, मग वही उघडली. आतला व्यास ३८० मिलिमीटर. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. तापमान १६० अंशांनी वाढवलं तर भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास मोठं होणार. व्हर्निअरनं मोजलं तर रिंग आणि चाकाच्या मापातला फरक त्याहून बराच कमी. म्हणजे दोनशे अंशांच्या आतबाहेर पुरे. पण घरी दोनशे अंश मोजायचे कशानं?

माझ्या बॅगेत प्रोजेक्टसाठी घेतलेली सोल्डर वायर होती, ६३-३७ ची. ती १८३ अंशांना वितळते. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांचे जाहीर आभार! अंगणात विटांवर रिंग ठेवली, आईनं गोवऱ्यांचा विस्तव सारख्या अंतरानं गोल मांडून दिला, आणि मी तारेचं टोक रिंगला आठ ठिकाणी टेकवून बघत राहिलो. एका बाजूला वितळायची, दुसऱ्या बाजूला नाही. आई विस्तव इकडचा तिकडं करायची. मग आठही ठिकाणी तारेचा थेंब झाला.

“आता!” मी ओरडलो. कोरड्या पोत्यांनी आम्ही दोघांनी रिंग उचलली.

“थांब!” चाचा त्याहून मोठ्यानं ओरडले. “दात्याची तिरकी कड कुठल्या अंगाला?”

पिनियन ज्या बाजूनं आत शिरतो त्या बाजूची दात्यांची कड तासलेली असते. आमची रिंग उलटी होती! जुन्या चाकाकडं एक नजर टाकून रिंग हातातल्या हातात पालटली आणि सोडली. ‘टक्क’ असा आवाज होऊन ती कडेवर बसली. मिनिटभरात अशी आवळली की हातोडीनंही हलेना. चाचांचा डोळा आणि माझी तार, दोन्हीपैकी एक जरी नसतं तरी ती रिंग वाया गेली असती.

बसवण्याच्या कामात घाई नव्हती, पण वेळ फार गेला. क्रँकचं मागचं ऑइल सील आणि मधलं छोटं पायलट बेअरिंग बदललं. गिअरबॉक्स पुन्हा कोण उतरवणार? नव्या चाकावरचा तेलाचा थर पेट्रोलनं पुसून काढला, कारण त्यावर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी क्लच थरथरतो. चाक क्रँकवर एकाच जागी बसतं, डॉवेल पिन बघून. बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळले. मग डायल गेज लावला. टॉमीनं इंजिन हळूहळू फिरवायचं, आणि क्रँकला मागं-पुढं थोडा प्ले असतो म्हणून तो सतत एकाच दिशेला दाबून धरायचा, नाहीतर रीडिंग खोटं येतं.

काटा पाव मिलिमीटर हलला. जास्त होतं.

इथं मला मोह झाला. खरंच झाला. टोळी दुसऱ्या दिवशी उतरणार होती, सगळे दमलेले, आणि गेज फक्त मलाच वाचता येत होता. ‘ठीक आहे’ म्हणालो असतो तर कुणी विचारलं नसतं.

“आण्णा, काढाय लागतंय परत,” मी म्हणालो.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, एक शब्द न बोलता पाना उचलला. चाक काढलं. क्रँकच्या फ्लँजवर जुन्या गंजाचा एक पापुद्रा राहिला होता, तांदळाच्या कणीएवढा. तो पॉलिश पेपरनं घासून काढला. चाक परत चढवलं, बोल्ट परत आवळले. आता काटा सहा शतांश मिलिमीटर हलला. चाचा जवळ आले, चष्मा काढून गेजला नाक लावून काटा बघितला आणि म्हणाले, “आता बराबर.”

पुढचं पटकन झालं. जुन्या शाफ्टच्या तुकड्यानं क्लचप्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेट आवळली, गिअरबॉक्स परत चढला. रात्री अकरा वाजता आण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली. सेल्फ मारला. ‘खर्रर्र’ नाही. बंद केलं, पुन्हा मारला. पुन्हा. दहा वेळा. दहाही वेळा एका फटक्यात. शेजारच्यांनी दिवे लावले आणि दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांपेक्षा आमचाच आवाज जास्त झाला म्हणून दोन शब्द ऐकवले.

मग आण्णा शेजारी बसले आणि मला गाडी मळ्याच्या चढावर घ्यायला लावली. अर्ध्या चढावर म्हणाले, “थांबीव.” मी हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल केला आणि क्लचवरचा पाय काढून खाली ठेवला. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, आणि म्हणाले, “चल.”

टोळी दुसऱ्या दिवशी उतरली. गाडी तिसऱ्या दिवशी उसात गेली आणि हंगाम संपेपर्यंत पळाली. उचल फिटली.

जुनं चाक भंगारात द्यायला आण्णा तयार झाले नाहीत. ते गोठ्यात पुरलंय, अर्धं जमिनीत, आणि त्याला म्हैस बांधतात. तीस किलोचं चाक म्हशीलासुद्धा उपटत नाही. म्हणजे ऊर्जा साठवायचं नाही तरी फ्लक्चुएशन कमी करायचं काम अजून चालू आहे!

सुट्टीला गेलो की मी एक दगड घेऊन त्याच्यावर हळूच मारून बघतो. एका बाजूला अजूनही बरा आवाज येतो, दुसऱ्या बाजूला भद्द. म्हैस माझ्याकडं बघते. ओरलला कुणी मला परत फरक स्पष्ट करायला सांगितला, तर फ्लायव्हील आणि गव्हर्नरचा मी सांगेनच, तो पाठ आहे. हा दुसरा फरक मात्र वाजवूनच बघावा लागतो.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी